एचएस-सीआरपी, एनएलआर आणि हृदयाचे ब्लॉकेज : रिपोर्टमधला दाह कसा वाचायचा

चेकअपच्या रिपोर्टात एचएस-सीआरपी (सीआरपी या दाहाच्या प्रोटीनची बारीक मोजणी) ४.८, शेजारी लाल बाण आणि खाली ‘हाय रिस्क’ असा शेरा. हे पाहिलं की घरात पहिला प्रश्न निघतो : म्हणजे ब्लॉकेज किती टक्के असेल? त्या आकड्यात याचं उत्तर नाही. रक्तातले दाहाचे आकडे धग सांगतात. नळी किती अरुंद झाली आहे ते अँजिओग्राफी सांगते. दोन्हींचा संबंध आहे, पण सैल आहे, आणि तो किती सैल आहे हे कळलं की रिपोर्ट वाचताना निम्म्या चुका टळतात.

आधी धग कुठून येते ते थोडक्यात. एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतं. पांढऱ्या पेशी ते गिळायला येतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. साचलेल्या कोलेस्टेरॉलचे खडे या पेशींना डिवचतात, त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप नेणारं प्रोटीन सुटतं, त्याच्यामुळे त्याच जातीचं इंटरल्यूकिन-६ वाढतं, आणि ते रक्तातून यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे सीआरपी हृदयात तयार होत नाही. शरीरात कुठेही आग लागली, दाढेच्या मुळाशी, गुडघ्यात, लघवीच्या मार्गात, तरी यकृत तेच करतं. या प्रोटीनचा शोधही हृदयरोगात लागलेला नाही. १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते सापडलं.

टेस्ट मागताना

कोरोनाच्या काळात सीआरपी हा शब्द घराघरांत पोचला. ती साधी सीआरपी. ४०, ८०, १५० असे आकडे मोजायला ती ठीक आहे, पण ५-६ च्या खाली ती बहुतेक वेळा नुसतं ‘निगेटिव्ह’ किंवा ‘६ पेक्षा कमी’ एवढंच सांगते. हृदयासाठी लागणारा सगळा खेळ मात्र ० ते १० च्या आत चालतो. म्हणून चिठ्ठीवर ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काउंटरवर नुसतं ‘सीआरपी’ म्हणालात तर साधीच टेस्ट होण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट हातात आल्यावर आकड्याच्या आधी एकक बघा. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर यांत दहापट फरक आहे. ०.४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ४.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. एका लॅबचा ०.४५ आणि दुसरीचा ४.५ शेजारी ठेवून ‘दहापट वाढलं’ म्हणून घाबरणारे आणि ०.४५ पाहून निर्धास्त होणारे, दोघांचीही चूक एकच.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बहुधा त्याच वेळी होते. तिचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जातं, एचएस-सीआरपीचं पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या. उपाशीपोटी जाण्याची गरज या दोन्हींना नाही. पण सोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) असतील तर डॉक्टर किंवा लॅब सांगेल तसं जा. आदल्या रात्री तळलेलं आणि दारू नको : ट्रायग्लिसराइड फार वाढून सीरम दुधट झालं तर ज्या मशिनी गढूळपणावरून सीआरपी मोजतात त्यांची गडबड होऊ शकते.

कधी जायचं, कधी नाही

ताप, सर्दी, डेंग्यू, चिकुनगुनिया, जुलाब यांतून उठल्यावर किमान दोन ते तीन आठवडे थांबा. दाढ काढली, टाके पडले, लस घेतली, लांब पल्ल्याची मॅरेथॉन पळलात, तरी तेच. सीआरपीचं रक्तातलं अर्धायुष्य (निम्मी नाहीशी व्हायला लागणारा वेळ) साधारण १९ तासांचं असल्यामुळे आग विझली की आकडा झपाट्याने उतरतो, पण आग खरोखर विझलेली असावी लागते. चिकुनगुनियाचे सांधे दोन-दोन महिने दुखत असतात, तेवढ्या काळातल्या एचएस-सीआरपीवर हृदयाचा कुठलाही निर्णय घेऊ नका.

एका सँपलवर थांबू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, एकाच लॅबमध्ये, आणि दोन्हींची सरासरी. माणूस ठणठणीत असतानाही हा आकडा दिवसागणिक बराच हलतो. १.४ चा २.१ झाला म्हणजे काही बिघडलं असं नाही. ४.५ चा १.५ झाला तर मात्र काहीतरी घडलंय.

सरासरी कशी वाचायची याच्या रेघा अमेरिकेतल्या सीडीसी (सरकारी रोगनियंत्रण संस्था) आणि हार्ट असोसिएशनने २००३ मध्ये आखल्या, आजही त्याच चालतात : मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. उपचाराचा विचार करताना डॉक्टर २ ही रेघ धरतात. १० च्या वर गेला तर तो आकडा हृदयाच्या हिशोबातून बाजूला ठेवायचा आणि संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा. १८ आणि ३ यांची सरासरी काढून १०.५ लिहिणं म्हणजे निव्वळ गंमत.

सीबीसीतून निघणारे आकडे

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. वेगळी टेस्ट लागत नाही, काहीशे रुपयांच्या सीबीसीतूनच तो निघतो. म्हणूनच यावर शोधनिबंधांचा पूर आहे. एक नमुना घेऊ. समजा ५८ वर्षांच्या पुरुषाचा रिपोर्ट असा आहे :

पांढऱ्या पेशी ९,२००, न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट २०, मोनोसाइट ६, इओसिनोफिल २, प्लेटलेट २,८०,०००, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६.

एनएलआर : ७२ ÷ २० = ३.६. निरोगी प्रौढांत हा साधारण १ ते ३ मध्ये असतो.

पीएलआर, म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट : आधी लिम्फोसाइटची खरी संख्या काढायची, ९,२०० चे २० टक्के म्हणजे १,८४०. मग २,८०,००० ÷ १,८४० = १५२.

एसआयआय, दाहाचा एकत्रित निर्देशांक : प्लेटलेट हजारांत, म्हणजे २८०, गुणिले एनएलआर. २८० × ३.६ = १,००८.

मोनोसाइट भागिले एचडीएल : ९,२०० चे ६ टक्के म्हणजे ५५२; ५५२ ÷ ३६ = १५.३.

पीएलआर काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे प्लेटलेटच्या संख्येला लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागणं. एनएलआरला टक्के चालतात, कारण वर-खाली दोन्ही टक्केच आहेत. पीएलआरला चालत नाहीत.

आता मशीनच्या भानगडी. लहान लॅबमध्ये पुष्कळदा तीन भागांत पेशी मोजणारं मशीन असतं. त्यात मोनोसाइट स्वतंत्र येत नाहीत, ‘मिड’ नावाच्या रकान्यात इओसिनोफिल आणि बेसोफिलसकट एकत्र येतात. तो आकडा मोनोसाइट समजून एचडीएलने भागलात तर उत्तर फुगलेलं येणार, आणि ॲलर्जी किंवा जंत असलेल्या माणसात तर भलतंच फुगलेलं. यासाठी पाच भागांचं मशीन हवं. दुसरी भानगड प्लेटलेटची : काही जणांच्या प्लेटलेट जांभळ्या ट्यूबमधल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. अचानक ९०,००० आल्या आणि त्रास काहीच नाही, तर लॅबला स्लाइड बघायला सांगा. तोवर पीएलआर आणि एसआयआय काढत बसू नका.

ईएसआर (लाल पेशी ट्यूबमध्ये किती वेगाने खाली बसतात याचा आकडा) मात्र या कामासाठी सोडून दिलेला बरा. हिमोग्लोबिन कमी असलं की तो आपोआप वाढतो, वयानुसार वाढतो, बायकांत मुळातच जास्त असतो. आपल्याकडे ॲनिमिया घरोघरी आहे. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईंचा ईएसआर ४५ आला तर आधी लोहाची कमतरता तपासायची.

ब्लॉकेजची तीव्रता : डॉक्टर काय मोजतात

‘७० टक्के ब्लॉक’ ही घरगुती भाषा झाली. शोधनिबंधांत तीव्रता दोन पद्धतींनी मोजतात आणि दाहाच्या आकड्यांची तुलना या गुणांशी होते.

गेन्सिनी स्कोअर हाताने काढता येतो. अडथळ्याला गुण : २५ टक्क्यांपर्यंत १, ५० पर्यंत २, ७५ पर्यंत ४, ९० पर्यंत ८, ९९ पर्यंत १६, पूर्ण बंद ३२. मग जागेप्रमाणे गुणायचं : लेफ्ट मेनला (डावीकडच्या मुख्य नळीला) ५, एलएडीच्या (तिच्यातून निघून हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या नळीच्या) सुरुवातीच्या भागाला २.५, एलएडीच्या मधल्या भागाला १.५, उजव्या धमनीला १. वरच्या नमुन्यातल्या माणसाची एलएडी सुरुवातीला ७५ टक्के आणि उजवी धमनी ५० टक्के बंद असेल तर ४ × २.५ अधिक २ × १, म्हणजे १२. लेफ्ट मेन नुसती ५० टक्के असेल तर तिचेच २ × ५ = १० होतात. जागा किती महत्त्वाची ते यात दिसतं : ‘फक्त पन्नास टक्के’ हे वाक्य लेफ्ट मेनसाठी नाही.

सिंटॅक्स स्कोअर संगणकावर काढतात. दीड मिलिमीटर किंवा त्याहून जाड नळीतला, ५० टक्के किंवा जास्त अडथळा त्यात धरतात. नळीचा फाटा, साचलेलं कॅल्शियम, पूर्ण बंद नळी यांचे गुण वाढतात. २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून पुढे जास्त. तीन नळ्यांचा आजार आणि गुण ३३ च्या पुढे असले की स्टेंटपेक्षा बायपासकडे कल जातो. अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलात तर हा स्कोअर किती, असं जरूर विचारा.

आता मुख्य मुद्दा. एनएलआर, एचएस-सीआरपी वाढलेल्यांच्या गटात गेन्सिनी आणि सिंटॅक्सची सरासरीही जास्त निघते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण सरासरी गटाची असते, रिपोर्ट एका माणसाचा. अशा निबंधांत ‘एयूसी’ नावाचा आकडा देतात, तो बऱ्याचदा ०.६ ते ०.७ च्या घरात असतो. त्याचा अर्थ साध्या भाषेत : तीव्र आजाराचा एक आणि सौम्य आजाराचा एक, अशा शंभर जोड्या लावल्या तर ६० ते ७० जोड्यांत तीव्र आजारवाल्याचा आकडा मोठा निघेल. नाणं उडवलं तरी ५० जोड्या बरोबर येतात. एवढ्या बळावर कुणाची अँजिओग्राफी ठरवता येत नाही आणि टाळताही येत नाही. शिवाय प्रत्येक निबंधात एनएलआरची रेघ वेगळी, कुठे २ च्या जवळ, कुठे ३ च्या पुढे. कुणी ‘३.२ च्या वर म्हणजे तीन नळ्यांचा आजार’ असं ठासून सांगत असेल तर त्या माणसापासून लांब राहा.

संबंध इतका सैल का? कारण जुना, कडक, कॅल्शियम भरलेला अडथळा ९० टक्के असूनही थंड असू शकतो. त्या माणसाला जिना चढताना छातीत भरून येतं, पण सीआरपी ०.७. उलट ४० टक्क्यांचा मऊ, चरबीने भरलेला, पातळ पापुद्र्याचा अडथळा आतून धगधगत असतो, नळीत रक्त मोकळं वाहत असतं, स्ट्रेस टेस्टही चांगली येते. तो पापुद्रा फुटला की त्यावर गुठळी बसते आणि तासाभरात नळी बंद. राखेखालचा विस्तव म्हणतात तो हा. त्यात स्टॅटिनची भर : कोलेस्टेरॉल उतरवणारी ही गोळी अडथळा फारसा कमी न करता सीआरपी खाली आणते. गोळी चालू असलेल्याचा १.१ आणि कधीच गोळी न घेतलेल्याचा १.१ यांचा अर्थ एक नाही.

आकडा खोटा कुठे पडतो

पोटाचा घेर हे सीआरपी वाढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. चरबीतूनच इंटरल्यूकिन-६ सुटतं. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या पुरुषांत तिथल्या गोऱ्यांपेक्षा सीआरपी जास्त आढळली, आणि त्यामागे पोटावरची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर ही मुख्य कारणं निघाली.

दुसरं कारण तोंडात असतं. ब्रश करताना रक्त येणं, हलणारे दात, पायरिया. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांत हे हमखास, आणि रुग्ण ते सांगत नाही, कारण त्याला ते आजारच वाटत नाही. एचएस-सीआरपी ३ ते ८ मध्ये अडकून पडली असेल तर हृदयाच्या महागड्या टेस्टकडे वळण्याआधी डेंटिस्टकडे एक फेरी मारा.

गर्भनिरोधक गोळ्या आणि इस्ट्रोजेन सीआरपी वाढवतात. स्टिरॉइड मात्र दोन्हीकडून फसवतं : न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे एनएलआर ६-७ होतो, तेच स्टिरॉइड सीआरपी दाबून ठेवतं. दम्यासाठी, सांध्यांसाठी, अंगावरच्या पुरळासाठी, किंवा ‘ताकदीचं औषध’ म्हणून कुणी दिलेल्या पुडीतून स्टिरॉइड चालू आहे का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. संधिवात, सोरायसिस यांत सीआरपी वाढते ती त्या आजाराची, पण हृदयाचा धोकाही त्यांत खरोखर जास्त असतो. तिथे आकडा सोडून द्यायचा नाही, फक्त त्यावरून ब्लॉकेज मोजायचं नाही.

आणि छातीत दुखत असताना काढलेलं रक्त. हार्ट ॲटॅकमध्ये शरीरावरच्या ताणाने काही तासांत न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. सीआरपी दोन-तीन दिवसांत शिखर गाठते. आयसीयूतला एनएलआर ८ हा त्या ॲटॅकचा पडसाद असतो, आधीच्या धगीचा हिशोब त्यावरून लागत नाही. तेव्हा निर्णय ईसीजी आणि ट्रोपोनिनवर (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) होतात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर लॅबचा माणूस घरी बोलावू नका, १०८ ला फोन करा. मूळ पातळी हवी असेल तर ॲटॅकनंतर महिना-दीड महिन्याने रक्त द्या.

मग आकड्याचं करायचं काय

ब्लॉकेजचं निदान झालेलं नाही, वय चाळीस ते पंचाहत्तर, कोलेस्टेरॉल काठावर, डॉक्टर आणि तुम्ही दोघंही स्टॅटिन सुरू करावं की नाही या विचारात : एचएस-सीआरपीचा खरा उपयोग इथे होतो. २ किंवा जास्त असेल तर पारडं गोळीकडे झुकतं. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ जण होते, एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा त्यावर. रोझुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ॲटॅक, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. तरीही शंका उरली तर कॅल्शियम स्कोअरचं सीटी स्कॅन धमनीचं थेट चित्र देतं.

ब्लॉकेज आहे, गोळ्या चालू आहेत, तर आधी एलडीएल बघा. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांची रेघ ५५ च्या खाली आहे. आपल्या नमुन्यातल्या माणसाचा एलडीएल ९६ आणि एचएस-सीआरपीची सरासरी ४.५ असेल तर पहिलं काम एलडीएल उतरवण्याचं : स्टॅटिनचा डोस वाढवणं, लागलं तर एझेटिमिब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडणं. सोबत तंबाखू बंद, दातांची सफाई, पोटाचा घेर कमी. सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही आकडे पुन्हा.

एलडीएल खाली आला आणि एचएस-सीआरपी तरीही २ च्या वरच राहिली, तर त्याला उरलेल्या दाहाचा धोका म्हणतात. दाह मारला तर ॲटॅक कमी होतात का, हे २०१७ च्या कँटोस चाचणीने दाखवलं : १०,०६१ रुग्ण, कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन, कोलेस्टेरॉलला हातही न लावता १५० मिलिग्रॅमच्या डोसवर घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले आणि औषध अतिशय महाग, त्यामुळे ते हृदयासाठी वापरात आलं नाही. मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या औषधाचा छोटा डोस २०१९ च्या चाचणीत साफ फसला. त्याने सीआरपीही उतरली नाही. म्हणजे दाहावरचं कुठलंही औषध चालतं असं नाही, इंटरल्यूकिनची तीच साखळी तोडावी लागते.

उरतं कोल्चिसिन, गाऊटचं जुनं आणि स्वस्त औषध. ०.५ मिलिग्रॅम रोज. २०२० च्या लोडोको-२ चाचणीत स्थिर ब्लॉकेज असलेल्या ५,५२२ जणांत घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी त्याला मंजुरी मिळाली. मग २०२४ मध्ये ॲटॅकनंतर लगेच कोल्चिसिन सुरू केलेल्यांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्यामुळे ते कुणाला द्यायचं यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. केमिस्टकडून स्वतः आणून घेण्याचं हे औषध नव्हेच : किडनी कमकुवत असेल तर ते अंगात साचतं, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर घेतलं तर विषारी पातळीला जाऊ शकतं, आणि जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) न बघता कुणी लिहून दिलं तर आधी ती टेस्ट मागा.

डॉक्टरांकडे जाताना एकाच कागदावर, तारखेसकट, एवढं लिहून न्या : एचएस-सीआरपीचे दोन्ही आकडे आणि एकक, एलडीएल, एनएलआर, क्रिएटिनिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), चालू गोळ्या डोससकट, गेल्या महिन्यातला ताप किंवा दाढदुखी, तंबाखू असेल तर किती. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉलचा एक कण) आयुष्यात एकदा तपासलेलं असेल तर तेही. ते जनुकांनी ठरतं, पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. एचएस-सीआरपी मात्र उपचार बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी करा, नाही तर वर्षातून एकदा पुरे. दर महिन्याला करून आलेख काढणाऱ्यांना त्यात बहुतेक वेळा स्वतःची सर्दीच दिसते.